डब्याचा पत्रा नको, भावा

कोल्हापूर, रविवार सकाळ

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र परवा मिळालं. "घरात डब्याचा पत्रा पडलाय, तोच कापून अॅम्बेसिडरच्या रॉकर पेडेस्टलखाली (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरांचा शाफ्ट धरणाऱ्या ठोकळ्यांखाली) घालू का?" हे वाचून मी उद्यमनगरात भर दुपारी एकटाच हसलो. शेजारचा टर्नर लेथ बंद करून विचारायला आला, काय झालं म्हणून.

घालू नकोस. डब्याचा पत्रा पाव मिलिमीटरसुद्धा भरत नाही. तुला 0.8 ची शिम, म्हणजे उंची वाढवणारी पातळ पट्टी, हवी. डब्याच्या पत्र्याचे त्याला चार-पाच थर लागणार, आणि प्रत्येकावर रंग नाहीतर कथिलाचा मुलामा. नट आवळला की थर दबणार आणि चार दिवसांत ढिले पडणार. गॅल्व्हनाइज्डचंही तेच, जस्ताचा थर कुठं जाड कुठं पातळ.

0.8 च का, ते सांगतो. हेड फेसिंग केल्यानं, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट केल्यानं, शिम लागते असं तुझा मिस्त्री म्हणतो, पण त्यात पेडेस्टल आणि व्हॉल्व्ह दोन्ही एकत्रच खाली येतात. फरक पडतो तो रॉकरला खालून ढकलणाऱ्या पुशरॉडकडं, आणि तो टॅपेटच्या, म्हणजे व्हॉल्व्हची फट लावायच्या, स्क्रूत भरून निघतो. तुझी खरी अडचण सीटची, म्हणजे हेडमध्ये व्हॉल्व्ह जिथं टेकतो त्या जागेची, आहे. सीट दोनदा कापल्यावर व्हॉल्व्ह हेडमध्ये आत बसला आणि त्याचं टोक तेवढंच वर आलं. आता रॉकरचं नाक टोकाच्या मधोमध न घासता कडेला घासतं. टोक जेवढं वर आलं तेवढाच शाफ्ट उचलायचा. तू मोजून 0.8 कळवलंस, म्हणून 0.8.

पत्रा मी साध्या सीआर (थंड लाटलेल्या) शीटचा घेतला. चारही कोपऱ्यांवर मायक्रोमीटर लावून बघितला, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचाही फरक नको. चार पेडेस्टलखाली चार वेगळ्या जाडीच्या शिमा गेल्या तर शाफ्ट वाकतो. स्प्रिंगच्या पत्र्याचा मोह झाला होता, पण दुसऱ्याच भोकाला ड्रिलचं तोंड गेलं. स्टेनलेस तर त्याहून वाईट, बिट नुसतं घासत राहिलं की खालचा भाग कडक होऊन बसतो.

पातळ पत्र्याला भोक पाडणं मात्र सोपं नाही हं. ड्रिलचं टोक पलीकडं निघतं तेव्हा कडा अजून पत्र्यात शिरलेल्याच नसतात, आणि भोक तीन कोपऱ्यांचं होतं. वर पत्रा बिटवर चढून गरगरतो. माझ्या डाव्या अंगठ्यावरची खूण त्याचीच. म्हणून चारही तुकडे दोन जाड पट्ट्यांमध्ये घट्ट दाबले, पंच मारला, आधी 3 मिलिमीटर, मग मोठं बिट. एमएसला (साध्या मऊ पोलादाला) 8 च्या बिटाला मिनिटाला हजारच्या आसपास फेरे पुरतात. वरून तेल सोडत राहिलो. भोकं आधी, बाहेरचा आकार नंतर. उलटं केलं की धरायला जागाच राहत नाही. शेवटी काचेवर पॉलिश पेपर ठेवून बर, म्हणजे भोकाच्या कडेला उठलेली धार, काढली.

आता महत्त्वाचं. चारपैकी एका पेडेस्टलच्या पोटातून तेल वर जातं. गेल्या पावसाळ्यात माझ्याच गाडीच्या शिमेला मी ते भोक पाडायचं विसरलो. गाडी सुरू केली आणि पंधरा मिनिटांत वरून चिमणीसारखा आवाज. कव्हर काढलं तर आत कोरडं ठणठणीत, शाफ्टवर नखाला लागतील असे ओरखडे. शाफ्ट भंगारात गेला. इतकी वर्षं हेच काम करून हा मूर्खपणा, कुणाला सांगितलं नव्हतं.

बसवण्याआधी रेडिएटरचं पाणी काढ. पेडेस्टलचे काही नट हेडचेच आहेत, सोडले की गॅस्केट हलतं आणि पाणी सिलिंडरमध्ये उतरू शकतं. नट थोडेथोडे, आळीपाळीनं आवळ. टॅपेटची फट नव्यानं लाव. मग व्हॉल्व्हच्या टोकावर मार्करची शाई फासून इंजिन हातानं फिरव. घासलेला पट्टा मधोमध आणि अरुंद दिसला की झालं.

चारही शिमा उद्याच्या एसटीनं पाठवतोय. तेलाच्या भोकाच्या शिमेवर लाल टिपका आहे. लावण्याआधी तो पुसून टाक, रंगाचीही जाडी असतेच.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
पिंट्या