पोचल्यावरचा पहिला तास

चि. ईशा,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "बाबा, आम्ही सुट्टीला चाललोय, मोहिमेवर नाही," आणि फोन ठेवलास. तेव्हापासून आईने तुझ्या वतीने माझ्याशी अबोला धरलाय. म्हणून लिहायला बसलो. पोहण्याच्या तलावाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असं ठरवूनच बसलोय.

हॉलिडे पार्कमधल्या केबिनीत राहायला जायचा तुमचा बेत ठरला हे फार छान झालं. जयदीपला किती दिवसांनी सलग सुट्टी मिळतेय, आणि ओवीच्या तोंडी तर बंक बेडशिवाय दुसरा विषय नाही. वरचा पलंग तिचा, हे मला पाठ झालंय. सात वर्षांची आहे, झोपू दे. कबीर हट्ट करेल, पण कठडा असला तरी त्याला वर झोपवू नकोस. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी ती जागा नाही.

तुम्ही पोचाल त्या वेळेचाच विचार माझ्या मनात घोळतोय. अशा हॉलिडे पार्कमध्ये केबिनचा ताबा बहुतेक सगळ्यांना एकाच सुमाराला मिळतो, दुपारी तीन-चारला. मग सगळ्या गाड्या एकदम आत येतात. चालवणाऱ्याची नजर दारावरचे नंबर शोधत असते, पुढ्यातल्या पोराकडे नसते. मुलं कित्येक तास पट्ट्यात बांधलेली, दार उघडताच सुसाट सुटतात. जयदीप किल्ली आणायला ऑफिसात, तू डिकीत डोकं घालून. तुला वाटतं कबीर त्याच्याबरोबर गेलाय, त्याला वाटतं तुझ्यापाशी आहे.

तेव्हा सामान गाडीतच राहू दे. नकाशा घ्या आणि चौघं मिळून आधी एक फेरी मारा. खेळायची जागा कुठे, रस्ता कुठे, पाणी कुठे. केबिनी सगळ्या एकसारख्या दिसतात, म्हणून आपल्या कठड्याला ओवीची ती पिवळी ओढणी बांधा. परत येताना वाट तिला दाखवायला लाव. हरवलो तर कुठे थांबायचं, तेही तिलाच ठरवू दे, स्वतः ठरवलेलं ती विसरत नाही. तुझ्यासारखीच आहे.

बघ, आलोच मी पाण्यावर. तू पाचेक वर्षांची असताना आपण अशाच एका ठिकाणी गेलो होतो. आत्या होती, दादा होता आणि ती निळी पेटी होती. पेटी दारातून आत जाईना, आम्ही सगळे तिच्यामागे. पेटी आत गेली आणि बघतो तर तू नाहीस. आई ऑफिसकडे पळाली, आत्या झोपाळ्यांकडे, मी तलावाकडे. तू जाळीत बोटं अडकवून कुंपणाबाहेर उभी होतीस, आतल्या मुलांकडे बघत. "फाटक उघडतच नाही," असं रागाने म्हणालीस. आपोआप मिटणारं फाटक होतं, कडी तुझ्या हाताच्या वर. ज्या कुणी ते फाटक नीट बसवलं, त्याला मी कधी पाहिलं नाही, पण दर उन्हाळ्यात त्याची आठवण येते. पुढचे दिवस तू पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हतीस. कपाटाच्या दारावरचा फोटो तेव्हाचाच, पुढचा दात पडलेला.

बुडणारं माणूस ओरडतं, हात हलवतं असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. तोंड पाण्यावर येतं तेवढ्या क्षणात श्वास तरी घ्यायचा नाहीतर हाक तरी मारायची, आणि शरीर श्वासच घेतं. हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात, वर उचलता येत नाहीत. लहान मूल मिनिटभराच्या आत आवाज न करता दिसेनासं होतं. काठावर चार माणसं बसलेली असली तरी. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे की २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली आणि त्यातली जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालची होती. कबीर साडेतीन वर्षांचा आहे. दंडाला लावायचे फुगे म्हणजे खेळणं, त्यांच्यावर विसंबू नका. एका वेळी एकानेच बघायचं, फोन बाजूला ठेवून, आणि उठताना दुसऱ्याला तोंडाने सांगायचं: आता तू.

व्याख्यान झालं, मला कळतंय. रागावू नकोस. तुला यातलं काही कळत नाही असं मला वाटत नाही, उलटच आहे. प्रथमोपचाराचं शिकून आलीस तेव्हा सोफ्यावरच्या उशीवर तू मला सगळं करून दाखवलं होतंस. बुडालेल्याला आधी श्वास द्यायचे, मग छाती दाबायची, हे मला तुझ्याकडून कळलं. त्या दिवशी तुझे हात बघत होतो, किती ठाम पडत होते. शेजारी कुणी आलं की मी अजून ते सांगतो. आई म्हणते, तिला आता सांगायचं सोडा, तिच्याकडून शिका. आईचं बरोबर आहे. तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, त्याला मी काय करू?

कोळशाची शेगडी बाहेरच ठेवा. पाऊस आला, ती विझल्यासारखी दिसली, तरी आत आणायची नाही. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. जयदीपला हे माहीत असणार.

पोचलात की लगेच मला फोन करू नकोस. त्या तासात तुझ्या हातात फोन नसलेला बरा. मुलं झोपली की कर, कितीही उशीर झाला तरी. ओवीला म्हणावं, वरून खोली कशी दिसते ते मला सविस्तर सांग.

तुझा,
बाबा

ता. क. एक राहिलंच. कधी एखादं मूल दिसेनासं झालं, तर पलंगाखाली, कपाटात, शेजारच्यांकडे नंतर बघा. सगळ्यात आधी पाण्याकडे धावा.