एक्क्यांची जोडी टाकणे हा भित्रेपणा नव्हे

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात एका वाचकांनी लिहिले आहे, की पोकर म्हणजे निव्वळ नशीब, आणि भारी पाने हातात असताना डाव सोडणारा माणूस भित्रा. पहिल्या विधानावर वाद होत राहतील. दुसरे मात्र साफ चुकीचे आहे आणि ते मला फार लागले.

आधी पैशाचे सांगते. गुजरात उच्च न्यायालयाने 2017 साली पोकरला जुगार ठरवले आणि 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळही बंद झाले. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी रविवारी दुपारी जो फड जमतो, तिथे एक रुपयाही लागत नाही. सगळ्यांना सारख्या चिप्स, म्हणजे पैशाऐवजी लावायच्या चकत्या; त्या संपल्या की उठायचे. महिन्याच्या फेरीत शेवटी उरलेले दोघे दिवाळीच्या अंतिम फेरीत जातात. त्यांत पहिला-दुसरा नाही. लास वेगासच्या जागतिक स्पर्धेची मुख्य फेरी 10,000 डॉलर प्रवेश शुल्काची, पण तिथेही पुष्कळजण अशाच पात्रता फेऱ्यांतून पोहोचतात. 2003 चा विजेता ख्रिस मनीमेकर तसाच आला होता.

मागच्या फेरीत आम्ही तिघे उरलो होतो. माझ्या भाच्याकडे एकच चिप, आणि पुढच्या डावात ती त्याला सक्तीने लावावीच लागणार होती. शेजारच्या नानांकडे माझ्यापेक्षा जास्त चिप्स. भाच्याने पाने टाकली, म्हणजे डाव सोडला, आणि नानांनी सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. मी माझी दोन पाने उचलून पाहिली तर इस्पिकचा आणि बदामाचा एक्का. 221 डावांत सरासरी एकदा येणारी जोडी! मी ती टाकली. ‘‘मामी, एक्के टाकलेत?’’ भाचा ओरडलाच.

हिशेब सरळ आहे. नानांकडे बादशहाची जोडी असती तरी एक्के शंभरात सुमारे 82 वेळा जिंकतात. म्हणजे उरलेल्या 18 वेळा मी बाहेर. आणि जिंकून मिळणार काय? तीच अंतिम फेरीची जागा, जी पाने टाकूनही जवळजवळ पक्की होती, कारण भाच्याची शेवटची चिप पुढच्याच डावात पणाला लागणार होती. रोख पैशांच्या डावात एक्के टाकणे वेडेपणा ठरेल. स्पर्धेत मात्र गेलेली चिप मिळवलेल्या चिपेपेक्षा महाग असते, कारण हरल्यावर पुन्हा विकत घेऊन बसता येत नाही.

दुसरी गोष्ट समोरच्याला ओळखण्याची. चेहऱ्यावरून काही कळते यावर माझा फारसा विश्वास नाही. विमा कार्यालयात दाव्यांची कागदपत्रे तपासण्यात माझी सगळी नोकरी सरली. माणूस काय बोलतो यापेक्षा त्याने कधी काय केले, हे क्रमाने लावून बघायची सवय तिथलीच. एकदा माझ्याकडे बादशहाची जोडी होती. टेबलावर सगळ्यांसाठी उघडी मांडलेली पाने: बदामाची सत्ती, बदामाची अठ्ठी, चौकटची राणी, किलवरची तिर्री. पहिल्या तीन पानांवर आणि मग चौथ्यावर, दोन्ही वेळा नाना माझ्या बोलीइतकेच लावून गप्प राहिले. पाचवे पान बदामाची दुर्री पडले आणि त्यांनी सगळे लावले. नाना हूल देतात ती पहिल्या तीन पानांवर, घाईने. शेवटच्या पानापर्यंत दबा धरून कधीच नाही. हातात बदामाचे दोन पत्ते घेऊन टेबलावर तिसरे बदाम पडायची वाट बघणारा माणूस मात्र अगदी असाच खेळतो, कारण एकाच रंगाची पाच पाने जोडीला हरवतात. मी बादशहा टाकले. त्यांनी पाने दाखवली नाहीत, तसा नियमही नाही. समोर नवखा खेळाडू असता तर तेच बादशहा मी टाकले नसते.

हा विचार करायला हिंमत लागते, विशेषतः सगळे आपल्याकडे बघत असताना.

आपल्या रविवार पुरवणीत बुद्धिबळाचे कोडे येते. त्याच्या शेजारी महिन्यातून एकदा, पैशाचा उल्लेखही न करता, पोकरच्या स्पर्धेतला एक डाव छापावा: टेबलावरची पाने, कोणाकडे किती चिप्स, कोणी कधी किती लावले, आणि तुम्ही काय कराल हा प्रश्न. सुरुवातीचे काही डाव उत्तरांसह मी लिहून पाठवीन.

आपली नियमित वाचक,
दांडिया बाजार, वडोदरा