टाकी बांधायला पैसे आहेत, मोटरच्या बिलाला नाहीत

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

पंचायतींना इतके हजार कोटी दिले अशी बातमी अधूनमधून पेपरात येते आणि आम्ही शहरातले लोक लगेच म्हणतो, बापरे, एवढे पैसे जातात कुठे, सरपंच खातो दुसरं काय! आता खाणारे खातातच, त्यांची बाजू मी घेत नाहीये, पण आधी हिशोब तर करून बघा. केंद्राचा पैसा राज्यांना आणि पंचायतींना कसा वाटायचा हे सुचवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी देशभरच्या ग्रामीण पंचायतींना मिळून २,३६,८०५ कोटी ठरवले. २०११ च्या जनगणनेत गावांत राहणारे ८३ कोटींच्या वर होते. भागाकार केला तर माणशी महिन्याला ४७ रुपये येतात, म्हणजे इंदुरात सकाळी पोहे-जलेबी खाल्ली की संपले! त्यातून जनपद (म्हणजे गाव आणि जिल्ह्याच्या मधली, ब्लॉकची पंचायत) आणि जिल्हा पंचायतीचा वाटा वेगळा. शिवाय ६० टक्के रक्कम 'टाइड', ती फक्त पाणी आणि स्वच्छतेवरच लावायची. उरलेले १९ रुपये गावाने आपल्या गरजेप्रमाणे खर्च करायचे, पण त्यातून पगार द्यायचे नाहीत.

इंदूरजवळ सांवेरकडे आमची थोडी शेती आहे म्हणून येणंजाणं असतं. गावात नलजल योजनेची टाकी झाली, घराघरापर्यंत पाइप आले, उद्घाटनाचे फोटोही निघाले. पण मोटरचं बिल दर महिन्याला येतं ना, ते थकलं की कनेक्शन कापतात आणि बायका परत हँडपंपावर. वॉल्व खोलणाऱ्या पोराला पैसे कधी मिळतात कधी नाही, म्हणून तो आता इंदुरात डिलिव्हरीची बाइक चालवतो, त्याला तरी काय बोलणार. टाकीचं टेंडर निघतं, त्यात सगळ्यांना रस असतो, पण ती रोज चालवायचा खर्च कोणाच्याच खात्यात नाही. आणि पेमेंट करायचं तर ई-ग्रामस्वराज पोर्टलवर सरपंचाची डिजिटल सही लागते, ती सही असते एका पेनड्राइव्हसारख्या डोंगलमध्ये, आणि ते डोंगल असतं पंचायतीच्या सचिवाच्या खिशात. सचिवाकडे दुसऱ्या पंचायतीचाही चार्ज, मग बसा वाट बघत.

लोक म्हणतात पंचायतीने स्वतःचा टॅक्स घ्यावा. बरोबर आहे, घ्यायलाच पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या जानेवारी २०२४ च्या रिपोर्टप्रमाणे एका पंचायतीची स्वतःच्या टॅक्समधून कमाई वर्षाला सरासरी २१ हजार रुपये आहे फक्त! पण सरपंच आपल्याच भावकीवर टॅक्स कसा लावणार, पुढच्या इलेक्शनला त्याच दारात मत मागायला जायचं असतं. आणि बायपासच्या पलीकडे पंचायतीच्या हद्दीत फार्महाऊस बांधून शनिवार-रविवारी पार्ट्या करणारे आपण इंदूरवाले तरी किती भरतो? माझ्या ओळखीचे दोघंतिघं आहेत, विषय काढला की हसतात.

आता आपल्या शहराचं बघा. नर्मदेचं पाणी खरगोन जिल्ह्यातल्या जलूदहून पंप करून आणतात, त्याचं वीजबिल भारी पडतं म्हणून नगर निगमने फेब्रुवारी २०२३ मध्ये ग्रीन बाँड (पर्यावरणाच्या कामासाठी लोकांकडून घेतलेलं कर्ज) काढले, २४४ कोटी उभे केले आणि तिथे सोलर प्लांट उभारायचं ठरवलं. चांगलंच केलं, मी तर कौतुकच करतो. पण दीडदोन हजार वस्तीची पंचायत कुठल्या मार्केटात बाँड विकायला जाणार?

म्हणून भोपाळवाल्यांना माझं म्हणणं एवढंच की नलजलच्या मोटरचं बिल आणि ऑपरेटरचं मानधन यांचं वेगळं खातं करा, नाहीतर प्रत्येक पंपावर एकेक छोटं सोलर लावून द्या, पण नवीन टाकीच्या आधी हे करा. केंद्राचा पैसा आल्यावर राज्याने १० कामकाजाच्या दिवसांत पंचायतीला पोचवायचा आणि उशीर झाला तर व्याज द्यायचं असा पंधराव्या आयोगाचाच नियम आहे. कोणत्या गावाला किती दिवसांनी पोचला याची यादी जनपदच्या नोटिस बोर्डावर लावायला काय हरकत आहे? पंचायतींना घटनेत जागा देणाऱ्या ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतीच्या निवडणुका आपल्या मध्य प्रदेशनेच सगळ्यांच्या आधी घेतल्या, १९९४ साली, मग ही यादी लावण्यातही आपणच पहिले होऊ या की. स्वच्छतेत नंबर आणतोच आहोत.

आपल्या रिपोर्टरने एकदा उन्हाळ्यात सांवेर, देपालपूर, महूकडच्या चारसहा गावांत जाऊन मोटर चालू आहे की कनेक्शन कापलंय एवढं बघून छापावं ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक
सुदामा नगर, इंदूर