दाराच्या मुठीची भीती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मांगावर, म्हणजे जपानी चित्रकथांवर, आलेला लेख वाचला. मुले हल्ली काय वाचतात याची कोणीतरी दखल घेतली, याचा आनंद झाला. पण एका विधानापाशी मी अडले. मांगातले खलनायक भयंकर वाटतात कारण त्यांची शक्ती अफाट असते, अशा अर्थाचे ते विधान होते. मी तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयात काम करते. भाच्याने पुण्याहून आणलेले इंग्रजी भाषांतराचे खंड गेल्या उन्हाळ्यात मी वाचून काढले. पाने उजवीकडून डावीकडे वाचायची सवय व्हायला दोन दिवस गेले, मग थांबवेना. त्यातला एक खलनायक आठवला की आजही अंगावर काटा येतो, आणि त्याची शक्ती मुळीच अफाट नाही. म्हणून हे पत्र.

अफाट शक्तीचे काय होते, ते 'ड्रॅगन बॉल' या मांगातल्या फ्रीझा या खलनायकाकडे पाहून कळते. अठरा हजार बळाचा आधीचा शत्रू व्हेजिटा जिथे डोंगराएवढा वाटला होता, तिथे हा शांतपणे सांगतो की माझे बळ ५,३०,००० आहे. तो आकडा वाचताना पोटात खरोखर गोळा येतो. पण पुढे प्रत्येक शत्रू आधीच्यापेक्षा मोठा येत राहतो, आणि लिलावात बोली चढत जावी तसे होते. मोठ्या आकड्याची धास्ती त्याहून मोठा आकडा येईपर्यंतच टिकते.

आता माझा तो खलनायक, किरा योशिकागे. हिरोहिको अराकी यांची 'जोजोज् बिझार ॲडव्हेंचर' ही मालिका १९८७ साली 'शोनेन जंप' या साप्ताहिकात सुरू झाली. तिचा चौथा भाग १९९२ ते १९९५ या काळात आला. तो घडतो मोरिओह नावाच्या काल्पनिक गावात. अराकी यांचे जन्मगाव सेंदाई त्यामागे आहे. किरा तेहतीस वर्षांचा, एका मोठ्या दुकानात नोकरी करणारा, नाकासमोर चालणारा गृहस्थ. रात्री अकराच्या आत अंथरुणावर पडतो, झोपण्याआधी कोमट दूध पितो, वीस मिनिटे अंग मोकळे करतो आणि आठ तास गाढ झोपतो. त्याला जग जिंकायचे नाही. कोणाच्या नजरेत न भरता शांत आयुष्य जगायचे, एवढीच त्याची इच्छा. फक्त त्याला सुंदर हातांच्या बायकांचे खून करायची अनावर ओढ आहे.

या मालिकेत माणसाच्या मनाची ताकद आकार घेऊन त्याच्या शेजारी उभी राहते. तिला 'स्टँड' म्हणतात. किराच्या स्टँडचे नाव 'किलर क्वीन'. ज्याला तिचा हात लागतो, त्याचा बॉम्ब होतो. इतकेच. शंभर येनचे नाणे असो की दार, काहीही. आणि मेलेल्या माणसाचे काही म्हणजे काही उरत नाही. ही शक्ती किराच्या इच्छेच्या मापाने शिवलेली आहे. ज्याला मागे खूण ठेवायची नाही, त्याला खूण न ठेवणारी शक्ती मिळाली. एखाद्याच्या हातात आग किंवा वीज दिली की ती कोणाच्याही हातात शोभते. किराची शक्ती दुसऱ्या कोणाला देऊन पाहा, ती तिथे बसणारच नाही. मला वाटते, भीतीची पहिली मुळी इथे आहे.

शिगेची नावाच्या शाळकरी मुलाचा प्रसंग मी तीनदा वाचला. त्याला किराचे गुपित चुकून कळते. जखमी अवस्थेत तो मित्रांच्या वर्गापर्यंत पोहोचतो. दाराच्या पलीकडे मित्र आहेत, त्यांचे आवाज येत आहेत. आणि किरा सांगतो की दाराच्या मुठीला किलर क्वीनचा हात आधीच लागून गेला आहे. या 'आधीच'मध्ये सगळे आले. हल्ला होणार नाही, होऊन गेलाय. पळायचे कुठे, लढायचे कोणाशी? ते वाचल्यावर त्या रात्री वाचनालयाचे दार ओढून घेताना माझा हात मुठीपाशी क्षणभर थबकला. राक्षसाचे चित्र पाहून असे होत नाही. राक्षस पानात राहतो. मूठ माझ्या घरीही आहे.

आपल्याकडे भस्मासुर आहे. ज्याच्या डोक्यावर हात ठेवील त्याचे भस्म. पण भस्मासुराचा वर सगळ्यांना ठाऊक असतो, तो हात पुढे करून धावत येतो, शंकरालाही पळायला अवधी मिळतो. अराकींनी त्या हाताला सभ्य माणसाच्या कोटाची बाही चढवली आणि तो हात आपल्या आधी खोलीत येऊन गेला, एवढाच बदल केला.

नियमांबद्दल बोलायलाच हवे. नियम असले की शक्ती दुबळी होते, असे पुष्कळांना वाटते. माझा अनुभव उलटा आहे. आजोबा चकव्याच्या गोष्टी सांगायचे. रात्री शेतातून येताना माणूस चालतो चालतो आणि पुन्हा त्याच फणसाखाली येतो. 'चकवो लागलो' एवढेच ते म्हणायचे. चकवा मारत नाही, ओरबाडत नाही, समोरही येत नाही. त्याचा एकच नियम, वाट संपू द्यायची नाही. लहानपणी हडळीपेक्षा मला त्याचीच जास्त भीती वाटे, कारण ते माझ्याही बाबतीत होऊ शकले असते. याच मालिकेच्या तिसऱ्या भागात कैरोतल्या वाड्यात खलनायक डिओ जिन्याच्या वरच्या टोकाला उभा असतो आणि त्याच्याशी लढायला आलेला पोलनारेफ खाली. डिओ म्हणतो, मला येऊन मिळायचे असेल तर दोन पायऱ्या खाली उतर, मरायचे असेल तर वर चढ. पोलनारेफ वर पाय टाकतो. आणि पाहतो तर तो खालच्या पायरीवर! पुन्हा चढतो, पुन्हा खाली. मला आजोबांचा फणस आठवला.

डिओची 'द वर्ल्ड' ही शक्ती काळ थांबवते, हे वाचकाला नंतर कळते. आधी फक्त परिणाम दिसतो. ते कळते कसे, तेही पाहण्यासारखे आहे. पोलनारेफचा साथीदार काक्योइन याने आपल्या स्टँडचे धागे चहूकडे जाळ्यासारखे पसरलेले असतात. ते सगळे एकाच क्षणी तुटतात, एक आधी आणि एक नंतर असे नाही. मरता मरता तो यावर विचार करतो, उत्तर त्याला सापडते, आणि शेवटच्या ताकदीने तो मनोऱ्यावरचे घड्याळ फोडतो. साथीदारांना दिलेला तोच निरोप. इथे बुद्धीला काम आहे. कोड्याला उत्तर आहे हे कळले की वाचक ते शोधत राहतो, आणि शोधता शोधता आणखी आत ओढला जातो.

शिवाय हे चित्रकथेतच इतके अचूक साधते. मांगाच्या पानावर दोन चौकटींमध्ये एक पांढरी पट्टी असते. तिथे काय घडले ते आपण मनाने भरून घेतो, कारण एरवी तिथे विशेष काही घडत नसते. पहिल्या चौकटीत पाय उचलला, दुसरीत टेकला. डिओ त्या पट्टीत घुसतो. आपण ज्या कोऱ्या जागेवर विश्वास ठेवून वाचत आलो, तिथेच त्याने खून केलेला असतो. जिन्याची ती पाने मी बोटाने चौकट धरून पुन्हा पुन्हा पाहिली. काहीही सापडत नाही. सापडू नयेच, अशी ती काढली आहेत.

लबाडी वाचकापर्यंत पोहोचते म्हटल्यावर 'ब्लीच' या दुसऱ्या मांगातल्या खलनायक आयझेनचाही उल्लेख करायला हवा. त्याची तलवार उघडताना एकदा पाहिली की पुढे डोळ्यांना दिसेल, कानांना ऐकू येईल ते सारे त्याच्या मर्जीचे. हे समजल्यावर वाचलेले मागचे खंडही संशयास्पद होतात. पुढे मात्र ती शक्ती इतकी सोयीची होते की लेखक तिच्यामागे काहीही लपवू शकतो, आणि तिथे माझी भीती थोडी ओसरली.

किराकडे परत येते, कारण मला खरे सांगायचे ते इथे आहे. (कथेचा शेवट आधी कळू नये असे ज्यांना वाटते, त्यांनी हा आणि पुढचा परिच्छेद सोडावा.) पाठलाग होऊ लागल्यावर किरा कोसाकू कावाजिरी नावाच्या माणसाला मारून त्याचा चेहरा घेतो आणि त्याच्याच घरात राहू लागतो. त्या घरातला अकरा वर्षांचा मुलगा, हायातो, ओळखतो की हे आपले बाबा नाहीत. मग किराला एक नवी शक्ती मिळते, 'बाइट्स द डस्ट'. तो ती त्या मुलाच्या अंगातच बसवतो. कोणी हायातोकडून किराबद्दल काही काढून घेऊ लागले की तो विचारणारा स्फोटात मरतो आणि काळ तासभर मागे जातो. पुन्हा तीच पावसाळी सकाळ. या वेळी मुलगा गप्प राहिला तरी, आधी मेलेला माणूस त्याच वेळेला पुन्हा मरतो. रोहान किशिबे नावाचा चित्रकार असाच जातो. मुलाला कोणी हातही लावत नाही. उलट ती शक्ती त्याचे रक्षणच करते. फक्त त्याने कोणाला सांगायचे नाही. सांगितले तर ज्याला सांगितले तो जाईल, तुझ्यामुळे.

संपादक महाराज, आमच्या वाचनालयात शाळा सुटल्यावर येणाऱ्यांत एक-दोन मुले अशी असतात, जी दिवे लागले तरी उठत नाहीत. पुस्तक उघडे असते, पान उलटत नाही. घरी काय रे, असे विचारले की 'काही नाही' म्हणतात. आईला त्रास होईल म्हणून, बाबा चिडतील म्हणून. हायातोची पाने वाचताना मला ती मुले दिसत होती. अराकींनी ही शक्ती कुठून आणली मला माहीत नाही, पण अशी गप्प बसणारी मुले त्यांनी नीट पाहिली असली पाहिजेत. आणि हायातो सुटतो तोही नियमातूनच सुटतो. तो कोणाला काहीच सांगत नाही. या भागाचा नायक जोस्के याच्या घरी फोन करून त्याला वेळेआधी जागे करतो, म्हणजे तो आवाजाच्या टप्प्यात पोहोचेल, आणि मग असे घडवून आणतो की विजयाच्या ताठ्यात किरा स्वतःच्या तोंडाने स्वतःचे नाव उच्चारतो. जोस्के ते ऐकतो. मुलाच्या राखणीला गुंतलेली किलर क्वीन आता किराला स्वतःच्या बचावासाठी माघारी बोलवावी लागते, आणि रोहान जगतो. मोहिनीने भस्मासुराचा हात त्याच्याच डोक्यावर ठेववला होता, तेच अकरा वर्षांच्या पोराने केले, आणि तेही एकट्याने.

लेखात सुचवल्याप्रमाणे अशी पुस्तके वाचनालयांनी मुलांपासून दूर ठेवावीत, हे मला मान्य नाही. मोठ्यांनी ती आधी वाचावीत, हे मान्य आहे. रक्तपात आहे, आणि सहावी-सातवीच्या मुलाच्या हाती मी हे खंड देणार नाही. पण नववी-दहावीतल्या ज्या दोघांना दिले, त्यांच्याशी जिन्याच्या त्या पानांवर आमची तासभर चर्चा झाली. त्यातला एक जण एरवी नाव विचारले तरी मान खाली घालतो. त्या दिवशी त्याने फळ्यावर चौकटी काढून, काळ नेमका कुठे थांबला असेल ते मला समजावून सांगितले.

लेखकाला तिसऱ्या भागाचा तो खंड वाचायचा असेल तर भाच्याने तो दिवाळीपर्यंत माझ्याकडेच ठेवला आहे. कळवल्यास टपालाने पाठवीन.

आपली नम्र,
एक वाचक
सावंतवाडी