पोस्टातल्या काकांचे जाहीर आभार

ती. काका,
सा. न. वि. वि.

नागपूरला कुरिअरनं पाठवताना फुटलेल्या लहान तानपुऱ्याची भरपाई खात्यावर जमा झाली. फोनवर सांगितलं तर "बरं झालं" म्हणून तुम्ही विषयच बदललात, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. मिरजेतून ऑनलाइन वाद्यं विकणाऱ्या आणखी चार जणांच्या कामी येईल.

भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आणायचा, वाळवायचा, त्यावर तबली, म्हणजे वरची लाकडी फळी, बसवायची. किती दिवसांचं काम! २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला नि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण गोदामात खोके भिरकावणाऱ्याला त्याचं काय? कुरिअरवाल्यांचं उत्तर ठरलेलं: पॅकिंग कच्चं होतं. भावजींनी चिडून दोन पानी पत्र लिहिलं. तुम्ही चष्मा लावून त्यातलं 'अक्षम्य', 'बेजबाबदार', 'कोर्टात खेचू' सगळं खोडलंत. उरलं अर्धं पान. पावतीचा नंबर, बुकिंगचं वजन, बिलाची रक्कम, काय फुटलं, किती मागतोय. "पोरी, राग वाचायला तिथं कुणी बसलेलं नसतं. फायलीला लावायला कागद लागतो."

त्याआधी तुम्ही गिऱ्हाइकाला, म्हणजे नागपूरच्या भजनी मंडळाला, फोन लावून खोका टाकू नका म्हणून बजावलंत. सहाही बाजूंचे फोटो, लेबल वाचता येईल असे. फोम जागेवर असतानाचा एक. आणि भेगेला फूटपट्टी लावून एक. खोक्याचा कोपरा आत दबलेला आणि भेग नेमकी त्याच बाजूला. पॅकिंगची सबब तिथंच गळाली. भजनी मंडळाच्या गुरुजींनी सही करतानाच डिलिव्हरी शीटवर 'खोका दबलेला' असं लिहून ठेवलं होतं, ते पाहून तुम्ही मांडीवर थाप मारलीत! पावतीवर 'कॅरियर्स रिस्क'वर, म्हणजे वाटेतल्या नुकसानीची जबाबदारी कुरिअरची, यावर टिक आहे, हेही तुम्हीच बारीक अक्षरांतून शोधलंत. त्याचे जादा पैसे आम्ही भरले होते, हे आम्हीच विसरलो होतो.

स्वतःच्या खात्याबद्दलही तुम्ही आडपडदा ठेवला नाहीत. १८९८ च्या कायद्यानं टपाल खात्याला नुकसानीच्या जबाबदारीतून बरंचसं मोकळं ठेवलं होतं, २०२३ च्या कायद्यातही तेच. विमा नसलेल्या स्पीड पोस्टला तुमच्या नोकरीच्या काळात भरपाई म्हणजे टपालखर्चाच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यातलं कमी असेल ते. वाद्य हजारोंचं, हातात काहीशे. विम्याचे पैसे वाचवून नंतर खिडकीशी भांडणारी माणसं तुम्ही जन्मभर पाहिलीत. आता आम्ही विमा उतरवल्याशिवाय भोपळा घराबाहेर काढत नाही, आणि खोका बंद करण्याआधी काट्यावरच्या आकड्यासकट फोटो काढतो.

कुरिअरच्या भाड्याचे पैसे मात्र त्यांनी परत दिले नाहीत. तुम्ही म्हणता सोडून दे. मला अजून पटलेलं नाही. रविवारी अर्ज घेऊन येते, खोडायचं ते खोडा.

तुमची,
गल्लीतली सूनबाई