कृष्णाकाठावरून तासगावकडच्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

पुरात केलेल्या मदतीचे समोर आभार मानले की तुम्ही 'त्यात काय एवढं' म्हणून विषय बदलता, म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

2019च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली. धोक्याची पातळी 45. तरी आमच्या गल्लीतली निम्मी माणसं पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत हलली नव्हती. लोक त्यांना हट्टी म्हणाले. पण दावणीची दुभती म्हैस सोडून पाय निघतो का कुणाचा? त्याच महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी नाव उलटली. शेवटच्या घटकेला नावेत बसावं लागणं किती जीवघेणं असतं, ते अख्ख्या जिल्ह्यानं पाहिलं.

तुम्ही नेमकं हेच ओळखलंत. 2021च्या उन्हाळ्यात, लॉकडाऊन असताना, तुमच्या बचत गटाच्या बायकांनी आमच्याकडं घरटी फोन केला. पहिला प्रश्न, "जनावरं किती? दुधात किती?" मग माणसं: कोण गरोदर, कुणाला शुगरची गोळी, कोण अंथरुणाला खिळलेलं. सगळं वहीत. कोरोनामुळं शाळेत गर्दी नको, म्हणून कुठलं कुटुंब कुणाच्या घरी उतरणार तेही आधीच ठरलेलं.

जुलैत पाणी चढायला लागलं आणि आमचे मामंजी, जे 2019ला गोठ्यातून हलले नव्हते, ते स्वतः म्हशी टेम्पोत चढवत होते. तुमच्याकडं शेड उभं होतं, कडबा रचलेला होता. प्रत्येक म्हशीच्या शिंगावर तांबड्या ऑइलपेंटनं मालकाच्या घराचा नंबर टाकलात, त्यामुळं परतताना एकही वाद झाला नाही. दूध तुमच्या गावच्या संकलन केंद्रावर आमच्याच नावानं जमा होत होतं. पुरात हातात स्वतःचा पैसा असणं काय असतं, ते माझ्या सासूबाईंना विचारा.

आणि संडासच्या वाटेवरचा तो बल्ब! रात्री बायाबापड्यांना तिकडं जायची भीती वाटते, हे न सांगता तुम्हाला कळलं. जेवण तर सगळेच देतात हो.

येत्या 1 मेच्या ग्रामसभेत आम्ही अशी यादी गावातर्फेच करायचा ठराव मांडतोय. तुमची वही नमुन्याला हवी आहे. आमचे धाकटे दीर रविवारी येतील, त्यांच्याकडं द्या. यंदा आमच्याकडं दोन रेडकं वाढली आहेत, तेवढी लिहून ठेवा.

तुमची,
कृष्णाकाठची धाकटी बहीण