ही थट्टा नेमकी कोणाची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात एका वाहिनीच्या विनोदी कार्यक्रमात ‘संगीत शारदा’चे विडंबन पाहिले. शारदेच्या भूमिकेत नऊवारी नेसलेला पुरुष होता. म्हाताऱ्या नवरदेवाची कवळी तीनदा पडली. बाकी सगळे विनोद शारदेच्या रंगावर आणि जाडीवर. चाळीस वर्षे हौशी रंगभूमीवर काढलेल्या मला त्या रात्री झोप आली नाही.

‘संगीत शारदा’ लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल आमच्या हरिपूरचे. 1899 च्या त्या नाटकात थट्टा आहे ती पैशाच्या जोरावर कोवळ्या पोरीशी लग्न करायला निघालेल्या भुजंगनाथाची आणि तिचा सौदा करणाऱ्या बापाची. वाहिनीच्या लेखकांनी तेच हसू उचलून त्या पोरीच्याच अंगावर टाकले. नाटक वाचलेल्या माणसाच्या हातून हे होणार नाही.

देवल 1916 साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी स्वामित्वहक्क संपतो, त्यामुळे इथे कायद्याची आडकाठी नाही. पण आजच्या गाण्यांच्या चाली उचलून त्यांवर कांद्याच्या भावाचे शब्द बसवले जातात, तेव्हाही ‘विडंबनाला सूट असते’ हे वाक्य हमखास ऐकू येते. आपल्या 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यातील कलम 52 मध्ये विडंबन हा शब्दच नाही; तिथे सूट आहे ती टीका किंवा समीक्षेसाठी केलेल्या उचित वापराला. तोप्पिल भासींच्या गाजलेल्या मल्याळी नाटकाला उत्तर म्हणून लिहिलेले प्रतिनाटक केरळ उच्च न्यायालयात 1996 साली टिकले, कारण त्यात मूळ पात्रे आणि संवाद घेतले होते ते त्या नाटकाच्या विचारावर टीका करण्यासाठी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1994 साली एका रॅप गाण्याच्या खटल्यात विडंबनाची बाजू उचलून धरली, पण सोबत हेही बजावले की मूळ कृतीविषयी काही म्हणायचे नसताना, निव्वळ लक्ष वेधायला किंवा नवे रचण्याचे कष्ट टाळायला ती घेतली असेल, तर हा बचाव दुबळा पडतो. कष्ट टाळायला! आपल्या वाहिन्यांचे दुखणे नेमके हेच आहे.

अत्र्यांनी ‘केशवकुमार’ या नावाने 1925 मध्ये ‘झेंडूची फुले’ हा विडंबन कवितांचा संग्रह काढला, तेव्हा त्या काळच्या कवींची शब्दकळा, वृत्ते, लकबी त्यांना तोंडपाठ होत्या. म्हणून ती कविता इतकी वर्मी लागली. आमच्या कवलापूरचे तमाशा कलावंत काळू-बाळू तर शाळेत फारसे न रमलेल्या गावकऱ्यालाही पोट धरून हसवत, आणि ते कुणाच्या रंगरूपाच्या आधाराने नव्हे, शब्दाला शब्द भिडवून.

त्या प्रहसनात देवलांचे नाव एकदाही आले नाही, ना पाटीवर, ना बोलण्यात. ज्या सांगलीत 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभे केले, तिथल्या प्रेक्षकाला हे लागते. 5 नोव्हेंबरच्या रंगभूमी दिनाआधी वाहिनीने ते प्रहसन पुन्हा दाखवणे थांबवावे आणि पुढे मूळ नाटककाराचे नाव पाटीवर द्यावे, असे पत्र मी त्यांना पाठवले आहे. इथल्या नाट्यसंस्थांनीही पाठवावे, ही विनंती.

आपला,
एक हौशी रंगकर्मी, गावभाग, सांगली